‘ऐकलं’ येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे, आणि आता मी वाजत नाही. माझ्या कातड्यावर मधोमध एक लांब फाट आहे. तिच्या कडांना सोनेरी रंगाचे पापुद्रे लोंबतात. हलगीला सोनेरी रंग कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचे निरोप पोचवले. स्वतःचं काही सांगायची मला सवय नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव घाटनांदूरहून आडवाटेला, माळाच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला वरची आळी. तिथे दुकानं, शाळा, पंचायतीचं ऑफिस आणि स्वतःच्या बोअरची घरं. उताराच्या तळाला खालची आळी. तिला एकच विहीर. तिथली बहुतेक माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोणी तेलगावच्या बाजूला, कोणी पार कर्नाटकात. मग आळीत उरतात म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि शेळ्या.

मला घडवलं आश्रुबाने. गावात दवंडी द्यायचं काम त्याच्या घराकडे होतं. त्याने लिंबाच्या लाकडाचं कडं केलं, शेळीचं कमावलेलं कातडं ओलं असतानाच त्यावर ताणलं आणि सावलीत वाळवलं. पहिल्यांदा वाजवायच्या आधी त्याने उसाच्या पाचटाचा जाळ केला आणि मला त्यावर धरलं. मी घाबरले. त्याचा लेक धोंडीराम शेजारी बसला होता, तोही घाबरला.

"आबा, जळंल की ती!"

"जळत न्हाई बे. हलगीला ऊब लागती. गार हलगी बोलत न्हाई."

आणि खरंच, जाळावरून काढून त्याने टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, मारलं तेव्हा माझा आवाज माळ ओलांडून पलीकडच्या वस्तीवर गेला. स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

त्या दिवसापासून आम्ही गावभर फिरू लागलो. "ऐका हो ऐका! उद्या शाळेत डोळे तपासायला डाक्टर येनार हायेत हो!" लस, रेशन, ग्रामसभा, हरवलेली म्हैस, गावजेवण, सगळं माझ्या पाठीमागून गावाला कळायचं. वाचता येणाऱ्याला कळायचं आणि न येणाऱ्यालाही कळायचं. आंधळ्यालाही कळायचं. बाळंतिणीला खाटेवर पडल्या पडल्या कळायचं.

पण जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. दवंडी वरच्या आळीपासून सुरू व्हायची. तिथे आम्ही दर ओट्यासमोर थांबायचो. खाली पोचेपर्यंत उन्हं कललेली असायची. एका दुष्काळात गुरांसाठी चारा वाटायला आला. आम्ही खालच्या आळीत पोचलो तेव्हा वाटप संपून गेलं होतं. आश्रुबाने मान खाली घालूनच हाळी दिली. तेव्हा एका दारातून एक नवी सून बाहेर आली. तिचं नाव सरस्वतीबाई.

"आता आलाव व्हय मामा?" ती म्हणाली. "वरच्या आळीत म्हशी चारा खाऊन रवंथ करायल्यात. आमच्या म्हशींनी काय तुमची हलगी खायाची?"

आळी हसली. आश्रुबाला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दहा-बारा बायका घेऊन पंचायतीत गेली. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला होता, तरी बोलणं स्वच्छ होतं. "आमच्या आळीतून 'ऐकलं' आल्याबिगर दवंडी झाली म्हनायची न्हाई. अन् दवंडी झाल्याबिगर वाटप करायचं न्हाई."

पंचायतीतली मोठी माणसं कुरकुरली. पण आळीतल्या मतांची आठवण कोणीतरी काढली असावी, कारण ते मान्य झालं. तेव्हापासून आमच्या गावात ही रीत पडली. दवंडी झाली की प्रत्येक आळीतून कोणीतरी मोठ्याने म्हणायचं, "ऐकलं!" ते येईपर्यंत दवंडीवाल्याने पाऊल पुढे टाकायचं नाही. खालच्या आळीचं 'ऐकलं' कायम सरस्वतीबाईचं असायचं. आश्रुबा गेला, मी धोंडीरामच्या खांद्याला आले, सरस्वतीबाईचे केस पांढरे झाले, तरी आवाज तोच.

आणि ती नुसतं 'ऐकलं' म्हणत नसे. आधी विचारायची.

एकदा धोंडीराम ओरडला, "जनावरं उद्या माळावर लशीला आना हो!"

"कंच्या माळावर रं धोंड्या? शाळंमागच्या का देवीच्या?"

"माळावर म्हनलेत काकी. एवढंच सांगितलंय."

"मग मी एवढंच ऐकलं. पुसून ये जा."

"आता परत चढ चढू व्हय? गुडघं दुखायलेत!"

"माझी गाय देवीच्या माळावर उभी ऱ्हाईल अन् तुझा डाक्टर शाळंमागं. मग तुझ्या गुडघ्यालाच सुई टोचंल का त्यो?"

धोंडीराम पुटपुटत चढ चढला. ऑफिसात विचारलं तर तिथेही कोणाला माहीत नव्हतं. मग फोन झाले, ठिकाण ठरलं, आणि आम्ही पुन्हा सगळ्या गावात फिरलो. तेव्हा मला वाटलं होतं की ही बाई आम्हाला उगाच दमवते. आज तसं वाटत नाही.

पुढे फोन आले. आधी थोड्या घरांत, मग बऱ्याच घरांत. त्यानंतर पंचायतीत 'गावसखी' आली. ती दिसत नाही, कॉम्प्युटरमधून आणि फोनमधून नुसती बोलते. कागदाचा फोटो दाखवला की वाचते, लांबलचक मजकूर थोडक्यात सांगते, आणि तो निरोप एकदम सगळ्या घरांच्या फोनवर जातो. कोणीही तिला प्रश्न विचारावा, ती लगेच उत्तर देते. आवाज असा गोड, की साखर पेरल्यासारखा.

ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम रुद्राणी बघायची. वरच्या आळीतले दुकानदार आणि उपसरपंच मल्लिनाथआप्पा यांची ती पुतणी. पोरगी कामाची, कोणाला कधी उलट बोलायची नाही. पण तिच्या एकटीच्या डोक्यावर तीन गावांची कागदपत्रं होती. तिने धोंडीरामला समजावलं, "मामा, आता तुम्हाला उतार उतरायचा-चढायचा नाही. निरोप ज्याने उघडला त्याच्या नावापुढे निळी खूण येते. खूण आली की समजायचं, ऐकलं."

"म्हंजे काकी न बोलता बी काकीचं 'ऐकलं' येनार?"

"येणार."

"लई ब्येस झालं!" धोंडीराम गुडघे चोळत म्हणाला, आणि सगळे हसले.

म्हणून गावात त्या निळ्या खुणेलाच 'ऐकलं' म्हणायला लागले. धोंडीराम पंचायतीत शिपाई म्हणून राहिला. मला ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. त्याआधी अंबाजोगाईहून एक रंगारी बोलावून माझ्या कातड्यावर जाड तेलरंगाचे सोनेरी हात दिले आणि वर लाल अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिलं. पाहुणे यायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. "काय सुंदर वारसा जपलाय तुम्ही!" म्हणायचे. मित्रांनो, कबूल करते, मला ते आवडायचं. रंगाखाली कातडं आखडत चाललं होतं. पण जिला वाजायचंच नाही तिने कातड्याची चिंता कशाला करावी?

सरस्वतीबाईलाही गावसखी आवडू लागली होती. तिचा मुलगा प्रविण आणि सून कर्नाटकात ऊसतोडीला जायचे. नात मनिषा आजीजवळ. लेकीशी बोलता यावं म्हणून प्रविणने एक फोन घरी ठेवला होता. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण बटण दाबून ऐकता येत होतं. ती धोंडीरामला एकदा म्हणाली, "तुझ्यापरीस ती बरी हाय. कितींदा बी पुसा, चिडत न्हाई."

हे सगळं या हिवाळ्यापर्यंत असं चाललं होतं.

तुरीवर फवारणीचे दिवस होते. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या होत्या आणि खालची आळी शांत होती. एका सकाळी ऑफिसात पत्र आलं. खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी तपासलं होतं, त्यात फवारणीचं विष निघालं होतं. कोणी विहिरीजवळ पंप धुतले असतील, कुणाचा डबा निसटला असेल, कोण जाणे. रुद्राणीच्या एका कानाला फोन होता, दुसऱ्या गावाचं काहीतरी अडलं होतं. तिने पत्राचा फोटो काढला आणि गावसखीला म्हणाली, "सगळ्यांना कळेल असं सोपं करून पाठव."

क्षणात तो गोड आवाज खोलीत आला. "नमस्कार. आपल्या विहिरीचे पाणी दूषित आढळले आहे. कृपया पाणी चांगले उकळून आणि गाळूनच प्यावे."

पहिलं वाक्य ऐकून रुद्राणीने मान हलवली आणि पुन्हा फोनवर बोलू लागली. निरोप गेला. त्या आवाजाखाली पत्राचा फोटोही जोडलेला होता.

थोड्या वेळाने मल्लिनाथआप्पा आले, त्यांच्यामागून बाहेर गेलेला धोंडीरामही आला. आप्पांना फोनवरचं बोलणं ऐकायचा कंटाळा. त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "सदर विहिरीचे पाणी पिण्यास, स्वयंपाकास अथवा जनावरांस वापरू नये. पाणी उकळल्याने विषाचा अंश जात नाही."

मित्रांनो, त्या खोलीत दोन्ही गोष्टी पुऱ्या ऐकणारी मी एकटीच होते.

गावसखीने खोटं सांगायचं म्हणून सांगितलं नसेल. घाण पाण्याचे हजारो निरोप तिने शिकले असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांत पाणी उकळायलाच सांगितलेलं असेल. मग इथेही तिने तेच सांगितलं. माझं कळणं ते किती, पण मला असंच वाटतं. आणि वरच्या आळीत ज्यांनी पत्र वाचलं त्यांनी आवाज ऐकला नाही. खालच्या आळीत ज्यांनी आवाज ऐकला त्यांना पत्र वाचता येत नव्हतं.

आप्पा माणूस वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "रुद्राणी, खालच्या आळीला कळलं ना बाई? लेकरंबाळं हायेत तिथं."

"हो आप्पा. हे बघा ना, सरस्वतीकाकीचं सुद्धा 'ऐकलं' आलंय."

आप्पांनी वाकून निळी खूण बघितली. धोंडीरामनेही बघितली. दोघांचं समाधान झालं. मी भिंतीवर होते. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ गावाला सांगण्यासारखं माझं स्वतःचं काही होतं, आणि मला हात लावणारं कोणी नव्हतं.

खाली काय झालं ते मला नंतर धोंडीरामच्या तोंडून कळलं. सरस्वतीबाईने निरोप ऐकला, चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी खळखळून उकळलं. वाफेला वास आला. ती जुन्या सवयीची बाई, तिने फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "बाई गं, पान्याला फवाऱ्याचा वास मारायलाय. पाजू का लेकराला?"

"हो आजी," गावसखी म्हणाली. "पाणी चांगले उकळले असेल तर काळजीचे कारण नाही. थंड झाल्यावर द्या."

धोंडीराम असता तर त्याला ठाऊक नसतं. तो कुरकुरला असता, चढ चढून ऑफिसात विचारायला आला असता. गावसखीला ठाऊक नसलेलं काहीच नव्हतं. तिला कुठे जावं लागलं नाही.

संध्याकाळी म्हातारीची शेळी तोंडाला फेस येऊन पडली. मी शेळीच्याच कातड्याची, म्हणून असेल, ते ऐकताना माझ्या कड्यात कळ आली. पण शेळीने त्यांना सावध केलं नाही. उलट सगळी आळी म्हणाली, "बगा, बिनउकळलेलं पाणी पेली अन् गेली." आणि त्यांनी पाणी आणखी जास्त वेळ उकळलं. घरोघरी चुली पेटत्या राहिल्या. लेकरांना जास्त जपून, आवर्जून, तेच पाणी पाजलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतला सटवा ऑफिसात आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, "आप्पा, शेळ्या पडायल्यात. अन् मान्सं बी उलट्या करायलीत."

धोंडीराम म्हणाला, "आरं पन पाणी तर बंद केलंय की."

"बंद कशापायी? उकळून प्या म्हनली की तुमची सखी."

 रुद्राणीने निरोप पुन्हा लावला. या वेळी तिने तो शेवटपर्यंत ऐकला. तिचा चेहरा पत्राच्या कागदासारखा पांढरा पडला. आप्पांनी अंबाजोगाईला दवाखान्याच्या गाड्यांसाठी फोन लावला. रुद्राणीने लगेच दुसरा निरोप पाठवला. तोच गोड आवाज आता म्हणत होता, पाणी अजिबात पिऊ नका.

सटव्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने निरोप ऐकला आणि आमच्याकडे बघितलं. "तवा उकळा म्हनली, आता पिऊच नका म्हनायली. दोन्ही बी तिनंच सांगितलं. आता कंचं खरं धरायचं, सांगा की."

रुद्राणी पडद्याकडे बघत होती. काही नावांपुढे निळी खूण आली. सरस्वतीबाईच्या नावापुढे आली नाही.

तेव्हा धोंडीराम उठला आणि त्याने मला भिंतीवरून खाली घेतलं. अंगणात त्याने पाचट पेटवलं आणि मला जाळावर धरलं. मला वाटलं, आता बोलते. पण ऊब कातड्यापर्यंत पोचली नाही. आधी रंगाला फोड आले. 'सुस्वागतम्'ची अक्षरं वितळून खाली ओघळली. मग रंगाखाली आखडलेलं कातडं तडकलं. धोंडीरामने टिपरू मारलं. माझ्यातून आवाज निघाला तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दुसऱ्या टिपऱ्याला मी फाटले.

त्याने मला टाकून दिलं नाही. तसंच खांद्याला अडकवलं आणि तो उतार धावत उतरला. दुखऱ्या गुडघ्यांचा साठीचा माणूस धावत होता, आणि मी त्याच्या पाठीवर नुसती आपटत होते.

"ऐका हो ऐका! विहिरीचं पाणी पिऊ नगा! उकळून बी नगा! चुलीवरचं सांडून द्या! ऐकलं का?"

एका दारातून क्षीण आवाज आला, "ऐकलं." तो पुढच्या दाराशी गेला. आत जाऊन स्वतःच्या हाताने पातेली उलथी करू लागला. "ऐकलं का?" "ऐकलं रं." असं करत तो शेवटच्या दाराशी पोचला. सरस्वतीबाईचं दार उघडं होतं. चुलीवर पाणी उकळत होतं आणि साऱ्या घरात तो वास भरला होता. खाटेवर मनिषा पोट धरून कण्हत होती. तिच्या उशाशी म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. डोळे अर्धे मिटलेले, हातात फोन.

"काकी," धोंडीराम म्हणाला. "पाणी पिऊ नगा. ऐकलं का?"

उत्तर आलं नाही.

"काकी, ऐकलं का गं?"

मित्रांनो, आमची रीत तुम्हाला सांगितली आहे. धोंडीराम तिथून हलला नाही. गाड्या आल्या, माणसं आत शिरली, त्याला बाजूला सारू लागली, तरी तो दारात उभा राहून विचारतच होता. शेवटी आप्पांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आप्पा, म्या पुसायलाच आलो न्हाई हो. निळं बगितलं अन् बसून ऱ्हायलो."

मनिषा अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आली. अशक्त झाली आहे, पण आली. प्रविण आणि सून टोळी सोडून परतले. सरस्वतीबाई अजून दवाखान्यातच आहे. श्वास चालू आहे, पण ती डोळे उघडत नाही आणि बोलत नाही. मोठे डॉक्टरही पुढचं काही सांगत नाहीत.

पंचायतीत आता गावसखीची नवी, जास्त हुशार आवृत्ती आली आहे म्हणे. तिचा आवाज पहिलीपेक्षाही गोड आहे. रुद्राणी हल्ली प्रत्येक निरोप कागदाशी ताडून बघते, पण तिच्याकडे आता तीनच्या ऐवजी पाच गावं आली आहेत. खुणा अजून निळ्याच येतात. लोक अजून त्यांना 'ऐकलं'च म्हणतात.

धोंडीरामने मला ऑफिसच्या भिंतीवर परत जाऊ दिलं नाही. सरस्वतीबाईच्या दाराच्या खुंटीला टांगलं आहे. मी फाटकी आहे, तरी सकाळी तो येतो, माझ्यावर बोटं ठेवतो, तिच्या बंद, रिकाम्या खोलीकडे तोंड करून हळूच विचारतो, "काकी, ऐकलं का?" आणि उभा राहतो. मनिषाही त्याच्या शेजारी येऊन उभी राहते. आळीतली कोणीतरी बाई त्याच्या कीवेपोटी "ऐकलं रं बाबा" म्हणेल असं मला रोज वाटतं. पण कोणी म्हणत नाही. ते ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं.

मित्रांनो, मला नवी हलगी करा, मला पुन्हा वाजवा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. तुमच्या घरात बोलणारी यंत्रं येतील, ती माझ्याहून शंभरपट जाणती असतील. ती जरूर वापरा. फक्त उताराच्या तळाशी ज्याचं घर आहे, ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या दारापर्यंत एकदा पायांनी जा. त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐका. त्याने काही विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसलं, तर चढ चढून परत जा आणि विचारून या.

आणि त्या दारातून 'ऐकलं' येईपर्यंत पाऊल पुढे टाकू नका. आम्ही एकदा टाकलं. आता आम्ही इथे उभे आहोत.